ताटातलं मुख्य

मिलकाने पिठाचा गोळा परातीत धरला आणि तांब्यातून पाण्याची बारीक धार सोडत तो अंगठ्याने चोळायला सुरुवात केली. दुधासारखं पांढरं पाणी परातीत उतरू लागलं. गोळा लहान होत गेला. शेवटी बोटांत राहिला तो एक राखाडी, चिवट तुकडा. ताणला की लांबायचा, सोडला की आखडायचा. तिने तो दोन-तीनदा ताणून पाहिला आणि ओल्या हातानेच पुढच्या खोलीत आली.

तिचे सासरे, आबा, खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते. डोक्यावर काळी टोपी आणि पुढे तिवईवर झाकलेलं ताट.

"आबा, हे बघा. ज्वारीचं पीठ असं धुतलं तर सगळं वाहून जातं. हे मागे राहिलंय ते गव्हाचं. दुकानदाराने भेसळ केलीय खरी, पण गहूच जास्त आहे."

आबांनी तो तुकडा तळहातावर घेतला, बोटाने दाबला.

"आणि चव?"

"गव्हाचीच लागते."

"मग हामोसी," आबा म्हणाले. "गव्हाची चव असली की भाकरीची बराखा. नुसत्या ज्वारीला ती नाही."

मिलकाला हायसं वाटलं. आता आबा बराखा, म्हणजे घासाआधीची हिब्रू प्रार्थना, म्हणतील आणि जेवतील. तिने ताटावरचं झाकण काढलं. पोळ्या, मुगाची डाळ घातलेली मेथीची भाजी, कांद्याची फोड. आबांनी टोपी सारखी केली, पोळी दोन्ही हातांनी उचलून धरली. मिलकाने मान खाली घातली.

"बारूख अत्ता..."

आवाज थांबला. तिने वाट पाहिली. यार्डातून डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येत येत लांबवर गेला. आबांनी पोळी पुन्हा ताटात ठेवली.

"पिठात गूळ घातला होतास?"

"नाही आबा."

"तेल?"

"मोहनापुरतं. चमचाभर."

"चमचा लहान की मोठा?"

"लहान."

"तेल वाढलं तर ती पोळी राहत नाही. खाऊ होतो. खाऊची बराखा वेगळी." त्यांनी पोळीकडे पाहिलं. "आणि पाणी किती घातलंस?"

मिलकाने तेही सांगितलं. प्रत्येक उत्तर ते कान देऊन ऐकत होते, आणि प्रत्येक उत्तरातून त्यांना पुढचा प्रश्न सापडत होता. भाजीत मुगाची डाळ चवीला की भाजी वाढावी म्हणून, मेथी चिरून घातली की तोडून. खरं तर पोळीची बराखा एकदा म्हटली की ताटातल्या बाकी कशाची वेगळी म्हणावी लागत नाही. हे आबांनीच तिला शिकवलं होतं, म्हणून तिने ते बोलून दाखवलं नाही. शेवटी आबांनी झाकण उचललं आणि स्वतःच्या हाताने ताटावर ठेवलं.

"राहू दे. गार झालंय. नंतर बघू."

हे नंतर कधी येत नसे, हे आता तिला कळून चुकलं होतं.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं मोजकीच होती. पेण-अलिबागकडून नोकरीपायी आलेले लोक, कुणी गार्ड, कुणी लोको शेडमध्ये, कुणी तारघरात. त्यांचं प्रार्थनाघर, ज्याला ते मशीदच म्हणत, ते पार मुंबई-पुण्याला. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सगळे शिमशोन नागावकरांच्या, म्हणजे आबांच्या, पुढच्या खोलीत जमत. आबा काही हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, नव्हते. सारं आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवा-लाल कंदील धरून गेलं होतं. पण लहानपणी अलिबागेत एका म्हाताऱ्या हज्जानाच्या घरी ते पाणी भरायला होते, आणि तिथे कान उघडे ठेवून जे मिळालं ते त्यांनी जन्मभर सोडलं नाही. त्यातही बराखांचं. कुठलाही पदार्थ तोंडात घालण्याआधी देवाचे आभार मानायचे, आणि कशाचे मानतोय ते ओळखून मानायचे. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून आलेल्याला दुसरी, भाकरीला तिसरी. पदार्थात चार वस्तू मिसळल्या असतील तर त्यांत मुख्य कोण आणि सोबतीला कोण ते ठरवायचं. मुख्याची बराखा म्हटली की सोबतीची वेगळी लागत नाही.

मिलका लग्न होऊन आली तेव्हा पुण्याला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली होती. घरातल्या पहिल्या मलिद्याच्या वेळी तिने पोहे, खोबरं, साखर आणि सुका मेवा एकत्र कालवताना आबांना विचारलं होतं की यातलं मुख्य ठरवायचं कसं, वजनावर का? आबा खूप हसले होते. मग म्हणाले होते, तराजू कशाला, तू कशाच्या ओढीने ताट पुढे घेतलंस ते बघ. हे उत्तर तिला मोजता न येण्यासारखं वाटलं, पण आवडलं. तेव्हापासून सासरे-सुनेची गट्टी जमली. स्वयंपाकघरात ती काही नवीन करू लागली की आबा दारात येऊन उभे राहत. साबुदाण्याची खिचडी केली तर म्हणत, साबुदाणा धान्य नव्हे, दाणा मुख्य की नुसती सोबत, सांग बघू. ती सांगे. चूक असली तर ते नाकाने हसत.

तो खेळ होता. आता जे चाललं होतं तो खेळ नव्हता.

सुरुवात रेशनच्या पिठापासून झाली, असं मिलकाला वाटत होतं. लढाईमुळे गहू मिळेनासा झाला. दुकानात मिळे ते पीठ कशाकशाचं असे कुणास ठाऊक. आबा विचारू लागले, यात गहू किती? प्रश्न रास्त होता. पण मग ते भाताबद्दल विचारू लागले, वरणाबद्दल विचारू लागले, आणि हळूहळू ताटं झाकून परत येऊ लागली. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि मिलकाच्या नवऱ्याला, हायमला, बाजूला घेऊन सांगितलं की रोग काहीच नाही, पण म्हातारा असाच अर्धपोटी राहिला तर उन्हाळा काढायचा नाही.

हायम गाड्या तपासायच्या कामावर होता. आठवड्यातले कित्येक दिवस खंडवा नाहीतर मनमाडकडे. घरी असला की बापाच्या ताटाकडे बघून त्याचा जीव कासावीस व्हायचा आणि त्याचं रूपांतर रागात व्हायचं.

"तुझ्या हातचं रुचत नसेल तर तसं तरी सांगू दे आबांना," तो म्हणाला. "हे काय तिसरंच? पुण्याला नेऊन सोडतो त्यांना. ताईच्या घराजवळ मशीद आहे, चार जाणती माणसं आहेत. काय ते तिथे बसून ठरवतील."

त्याने पासासाठी अर्जही दिला. त्या दिवशी संध्याकाळी आबांनी मिलकाला विचारलं की पुण्याला जेवताना घरातल्या वडीलधाऱ्यालाच पुढे होऊन बराखा म्हणावी लागते का. ती म्हणाली, लागत असेल. मग आबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली.

तानुबाई सकाळी दूध घालायला यायची. मूळची शिंदखेड्याची, नवरा रुळावर गँगमध्ये. तिने दारातूनच झाकलेलं ताट पाहिलं आणि मिलकाने थोडक्यात कारण सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावला.

"बठ्ठं एकमा कालवीसन दे, माय. पोटमा गयं का बठ्ठं एकच शे."

सगळं एकत्र कालवून दे म्हणे, पोटात सगळं एकच. मिलकालाही हसू आलं. पण मग तिच्या मनात आलं, नेमकं उलट करून पाहावं. कालवायचं नाही. काहीच कालवायचं नाही.

तिने नीट विचार केला. आबा सगळेच दिवस उपाशी राहत नव्हते. शुक्रवारी रात्री ते जेवत. चांगले जेवत. मनुका भिजवून, पिळून केलेल्या सरबताचा पेला हातात घेऊन ते किद्दुशची प्रार्थना गात, सगळी घरं त्यांच्या आवाजात आवाज मिसळत. मग पोळीवर हामोसी म्हणत आणि सगळ्यांच्या बरोबरीने खात. एक अक्षर चुकत नसे. म्हणजे डोकं शाबूत होतं. मग शुक्रवारी वेगळं काय होतं? तर शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसासाठी, मिलका जळगावच्या प्रेमचंद मारवाड्याच्या दुकानातून आणवलेला निवडक गहू वेगळ्या डब्यात ठेवत असे आणि घरी जात्यावर दळत असे. शुक्रवारच्या पोळीत गव्हाशिवाय काही नसे. भेसळ नाही, म्हणून शंका नाही, म्हणून जेवण. एवढं सरळ होतं. हे आधी कसं सुचलं नाही याचंच तिला नवल वाटलं.

सोमवारी तिने शब्बाथचा गहू काढला. दळताना हात भरून आले. मीठ, पाणी आणि पीठ, याखेरीज काही नाही. तेलाचा थेंबही नाही. सोबत भाजी नाही, चटणी नाही. गरम पोळी ताटात ठेवून ती म्हणाली, "आबा, शुक्रवारचाच गहू आहे. जात्यावर दळलाय. यात दुसरं काही नाही."

आबांनी पोळी उचलली. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग तिला वाटलं तसा उजळलेला राहिला नाही.

"बारूख अत्ता," ते म्हणाले. मग म्हणाले, "जातं धुतलं होतंस?"

"हो."

"आधी त्यावर काय दळलं होतं?"

आधी हरभरा दळला होता. तिने ते सांगितलं. आबांनी मान हलवली, जणू तेच ऐकायचं होतं, आणि ताट दूर सारलं. पण सारताना त्यांचं लक्ष पोळीवरून हटत नव्हतं. भूक लागलेल्या माणसाचे डोळे होते ते. मिलकाने ते पाहिले आणि तिला काहीच उलगडेना. नको असतं तर एक वेळ समजलं असतं. हे तर हवं असून नको चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी नुसता भात. तांदूळ एका जागचा, धुऊन वेळलेला, मोकळा. त्यावर आबांनी विचारलं की भांड्याला आधी तूप लागलं होतं का. बुधवारी उकडलेलं रताळं. रताळं जमिनीतलं, याबद्दल कुणाचं दुमत असण्याचं कारण नव्हतं. आबांनी विचारलं, सालासकट उकडलंस की सोलून. कशानेच काही होत नव्हतं. ती एकेक वस्तू कमी करत होती आणि प्रश्न तेवढेच राहत होते. कॉलेजात असं झालं असतं तर तिने सगळी उपकरणं पुसून पुन्हा मांडली असती. इथे पुसायचं काय ते समजत नव्हतं. संध्याकाळी ती चुलीपुढे बसून राहिली आणि तिच्या मनात आलं की कदाचित हायमचंच खरं. आबांचं डोकं चाळवलंय, आणि मी त्यांना हरभऱ्याचा हिशेब देत बसलेय.

गुरुवारी दुपारी हायम मनमाडला होता. फैजपूरकडून केळ्यांनी भरलेल्या गाड्या माल धक्क्यावर येत. त्यांतल्या एका गाडीवानाकडून तानुबाईने एक फणी आणली होती, तिच्यातली चार केळी तिने मिलकाच्या हातावर ठेवली. मिलकाने एक केळं निवडलं. पिवळं, देठाशी किंचित हिरवट. सोललं नाही, चिरलं नाही. ताटलीत तसंच ठेवून ती आबांपुढे घेऊन गेली आणि काही न बोलता बाजूला उभी राहिली.

केळं हा आबांचा आवडता धडा होता. कॉलनीतल्या प्रत्येक मुलाला त्यांनी तो पढवला होता. केळीला झाड म्हणू नका रे, खोड दरसाल मरतं, नवा फुटवा येतो, म्हणून केळं झाडाचं नव्हे, जमिनीचं. इथली माणसं केळीतच जन्मली-वाढली, त्यांना यात नवल नव्हतं, पण कोकणातून आलेल्या पोरांना फार मौज वाटे.

आबांनी केळं हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. देठ पाहिला, टोक पाहिलं. टोपी सारखी केली.

"बारूख अत्ता..."

आबांनी पुढचे चार शब्दही म्हटले, रोजचे, सगळ्याच बराखांना असतात ते. मग "बोरे" म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बोरे." आणि थांबले. डोळे मिटले. अंधाऱ्या खोलीत भिंतीवरची खुंटी चाचपावी तसे ओठ हलत होते, आणि हाताला काही लागत नव्हतं. मग त्यांनी डोळे उघडले. समोर सून उभी होती.

"यात काय काय घातलंय?" त्यांनी विचारलं.

मिलकाला हसू फुटणार होतं. आबा थट्टा करताहेत असं तिला वाटलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू आत गेलं. आबा त्या केळ्याकडे बघत होते. आपण काय विचारलं ते त्यांच्याही कानांनी ऐकलं होतं. त्यांनी केळं ताटलीत ठेवलं आणि हात मांडीवर घेतला.

"केळं झाडाचं नव्हे," आबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "जमिनीचं. खोड दरसाल जातं. म्हणून झाडाची बराखा त्याला चालत नाही. मी सांगितलंय ना तुला?"

"सांगितलंय आबा."

"हे मला ठाऊक आहे."

"हो."

"सगळं ठाऊक आहे मला. गव्हाचं, तांदळाचं, मिसळीचं. कोण मुख्य, कोण सोबतीला. झोपेतून उठवून विचार."

"हो आबा."

मिलका उभी होती तिथेच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांसमोर शुक्रवारची रात्र आली. पेला, दिवे, सगळ्यांचे मिसळलेले आवाज. शुक्रवारी गहू शुद्ध असतो, हे तिने पाहिलं होतं. शुक्रवारी कुणी एकटं म्हणत नाही, हे तिने पाहिलं नव्हतं. चाल सुरू झाली की शब्द चालीला धरून येत होते, चार माणसांच्या तोंडून येत होते. दुपारी ताटापुढे ना चाल, ना माणसं. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि तिने एकीलाच कारण धरलं होतं. कॉलेजात असल्या प्रयोगावर मास्तरांनी काट मारली असती.

आणि बराखेशिवाय घास तोंडात घालायचा, हे तर या माणसाला मरेपर्यंत जमणार नव्हतं. जमलं असतं तर आज गळ्याभोवतीची कॉलर सैल नसती. नियम सगळे जागेवर होते. शब्द गेले होते. आणि ते गेले आहेत हे कुणाला कळू नये म्हणून इतके दिवस पीठ, तेल, जातं, भांडं, सगळ्यांना साक्षीला बोलावलं गेलं होतं.

तिच्या तोंडावर शब्द आले होते: आबा, मी सांगते पुढचे शब्द. ते तिने गिळले. गार्डाने कंदील हलवायचा कसा हे त्याला शेजारून कुणी सांगितलं तर कसं वाटेल तसंच ते झालं असतं.

या घरात सून सासऱ्याआधी जेवत नसे आणि त्याच्याबरोबरही जेवत नसे. सासूबाई होत्या तेव्हापासूनची रीत होती ती, आणि मिलकाने कधी मोडली नव्हती. पुरुषांची ताटं उचलल्यावर ती स्वयंपाकघरात बसून खायची. आज तिने कोपऱ्यातला लाकडी स्टूल ओढला, तिवईच्या दुसऱ्या बाजूला ठेवला आणि त्यावर बसली. पदर डोक्यावरून घेतला. आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ते काही म्हणतील म्हणून ती थांबली.

तिने केळं सोललं आणि अर्धं अर्धं केलं. एक तुकडा त्यांच्यापुढे ठेवला, एक आपल्या हातात घेतला.

"आबा, मला फार भूक लागली आहे," ती म्हणाली. "मी म्हणते. तुम्ही ऐका."

आबांच्या चेहऱ्यावर काय आलं ते तिने पाहिलं नाही. तिने मुद्दामच तुकड्याकडे नजर ठेवली होती. तिने बराखा म्हणायला सुरुवात केली. घाई केली नाही. हे शब्द तिने माहेरी आईच्या मांडीवर शिकले होते आणि इतकी वर्षं स्वयंपाकघरात एकटीने पुटपुटले होते, कुणाला ऐकू येतील असे मोठ्याने कधीच म्हटले नव्हते. आवाज तिलाच परका वाटला. ती शेवटाशी, जमिनीच्या फळाच्या शब्दांपाशी आली.

"...बोरे पेरी हाअदामा."

मालगाडीचं इंजिन कुठेतरी वाफ सोडत होतं. ती घास तोंडात न घालता थांबली. म्हणणाऱ्याने आधी खायचं असतं, हेही तिला आठवेना झालं. मग समोरून आवाज आला.

"आमेन."

खालच्या पट्टीत होता, पण पुरा होता. आमेन म्हटलं की ऐकणाऱ्याचीही बराखा झाली. तिने घास तोंडात घातला. आबांनी आपला तुकडा उचलला आणि खाल्ला. सावकाश, चावून चावून, जणू त्यातही काही ओळखायचं होतं. खाऊन झाल्यावर त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि सालाकडे बघत विचारलं, "आणखी आहे?"

मिलका उठली. उरलेली केळी आणली, आणि येताना पोळ्यांची चळतही आणली. परवाच्याच रेशनच्या पिठाच्या पोळ्या, त्यात गहू किती होता कुणास ठाऊक. पोळ्यांसाठी तिने वेगळी बराखा म्हटली. या वेळी आवाज तितका परका लागला नाही. आबांनी आमेन म्हटलं आणि पोळी मोडली. पिठाबद्दल काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, तो नेहमीसारखा गेला. रविवारी दुपारी मिलकाने तिवईवर दोन ताटं मांडली. तानुबाई दुधाचं भांडं परत न्यायला आली होती. तिने सासरा-सून समोरासमोर बसलेली पाहिली आणि दारातच थबकली. नंतर अंगणात मिलकाला गाठून तिने बरंच काही विचारलं, की तुमच्यात हे चालतं का, आणि चालत असलं तर आमच्या म्हातारीला येऊन सांगशील का. मिलका म्हणाली, चालत नाही. मग तुम्ही कसं चालवलं? मिलका म्हणाली, आबांना एकट्याला जेवण जात नाही. तानुबाईने मान डोलावली. हे तिला सहज पटलं. तिच्या घरीही असं एक म्हातारं माणूस होतं.

आबा जेवू लागले. एखाद्या दिवशी मिलकाला यायला उशीर झाला तर ते ताटाला हात न लावता बसून राहत. पण आता प्रश्न विचारत नसत. उलट तिनेच कधी खोडी काढायची. रताळ्यात नारळ घातला होता तेव्हा ती म्हणाली, आबा, आता यात मुख्य कोण? आबांनी तोंडातला घास गिळला, हात वर करून तिला थांबवलं आणि दोन्ही बाजूंनी इतकं सविस्तर सांगितलं की ताटातलं वरण गार झालं. त्यात काडीमात्र चूक नव्हती. मिलका ऐकत होती. मधूनच तिच्या मनात यायचं की एका माणसात एवढं सगळं शिल्लक असावं आणि त्याला तोंड फुटायचे चार शब्द तेवढे नसावेत, हे कसं? तिला याचं उत्तर मिळालं नाही. शोधायचं तिने हळूहळू सोडून दिलं.

महिनाअखेरीस हायम परतला. पास हातात आला होता. तो तेलकट कपडे न बदलताच पुढच्या खोलीत गेला, आबांना पाहिलं, त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला आणि स्वयंपाकघरात आला. मिलका भांडी घासत होती. आबा बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

"अंगावर जरा मांस चढलंय," हायम म्हणाला. "केलंस काय तू? कशात काय मिसळलेलं होतं ते सापडलं?"

मिलकाने भांडं उपडं केलं. व्हरांड्याचं दार सताड उघडं होतं.

"मीठ," ती म्हणाली. "माझ्या हातून मीठ जास्त पडत होतं. आबांना ते बोलून दाखवायचं नव्हतं."

हायम तिच्याकडे बघत राहिला आणि मग खो खो हसला. इंटर सायन्स शिकलेल्या बाईला मिठाचा अंदाज नाही, हे तो कॉलनीभर सांगणार होता हे तिला दिसत होतं. त्याने खिशातून पास काढला, पुन्हा खिशात घातला, आणि म्हणाला, पुण्याचं आता पाहू, पावसाळ्यानंतर बघता येईल. बापाचे एवढे हाल केवळ मिठापायी झाले याचं त्याला अजून हसू येत होतं.

व्हरांड्यात खुर्ची करकरली.

"थोडंसंच," आबांचा आवाज आला. "फार जास्त नव्हतं."